चाळणीशेजारचे तीन फूट

नंदनवन, नागपूर
१२ जुलै २०२५

प्रिय वंदना,

आठवीतला शिवणाचा तास आठवतो का? बुधवारी, जेवणाच्या सुट्टीनंतरचा. सिस्टर लुडविना फळ्यावर फ्रॉकचा नमुना काढत होत्या आणि तू शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, भाजलेल्या मक्याचे दाणे लपवून आणले होतेस. एक दाणा तुला, एक मला. सिस्टर पाठमोऱ्या झाल्या की चावायचा, वळल्या की गालात धरून ठेवायचा. त्या नादात मी माझं कापड अगदी मापाबरहुकूम कापलं. शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडतात ती माया सोडायची राहूनच गेली. फ्रॉक माझ्या अंगात शिरेना. सिस्टर चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "कटिंग फार सुंदर आहे, यशोधरा. आता हा घालायला एक बारीक मुलगी शोध." मग तू तुझ्या निळ्या कापडातून दोन पट्ट्या कापल्यास आणि माझ्या पांढऱ्या फ्रॉकच्या दोन्ही कुशींना जोडून दिल्यास. तुझ्या फ्रॉकला त्यामुळे खिसे झाले नाहीत. माझा फ्रॉक मी दोन वर्षं घातला. अजून आहे, ट्रंकेत.

हे काल आठवलं, कारण रोहित येऊन नकाशाची गुंडाळी देऊन गेला. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही, उभ्याउभ्या पाणी प्यायला. "आई म्हणाली, यशोमावशीले दाखवल्याशिवाय मिस्तरीले हात लावू द्यायचा नाही." फार बरं वाटलं. एकतीस वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात दुसऱ्यांचे नकाशे काढले; रिटायर झाल्यावर पाच वर्षांत कुणी साधी खोली आखून मागितली नव्हती. तुमच्या गावात टॉवर नसल्यामुळे तुला फोनवर काही ऐकू येत नाही म्हणतेस, आणि नकाशाही फोनमध्ये मावत नाही. म्हणून पुन्हा पत्र. हात लिहायला विसरला नाही, एवढं समजलं.

नकाशा बघितला. शंभर फूट लांब, साठ फूट रुंद शेड. मक्याची पोती एका टोकाच्या ओट्यावर उतरतात, मका साफ होतो, पाणी लावून टाकीत मुरतो, मग साल काढायचं यंत्र, चक्की, चाळणी, आणि दुसऱ्या टोकाने रवा-पीठ बाहेर. कच्चा माल आणि तयार माल यांची वाट कुठेही एकमेकींना कापत नाही. तुझ्या मुलाने विचार केला आहे. भुशाची धूळ चक्कीच्या भिंतीपाशी कोंडेल, तिथे एक झरोका वाढवायला हवा, बाकी किरकोळ.

पण वंदना, मी तो कागद तीन वेळा फिरवून बघितला. रोहितची केबिन आहे. कामगारांना जेवायची जागा आहे. वॉचमनची खोलीसुद्धा आहे. तुझी जागा कुठे आहे? महादेवराव गेल्यापासून बावीस वर्षं गावातली मक्याची चक्की तू चालवलीस. या सहा हजार चौरस फुटांत तुझं नाव एकदाही नाही.

उत्तर लवकर दे.

तुझी,
यशो

* * *

मु. सालई, ता. पारशिवनी
२६ जुलै २०२५

प्रिय यशो,

पत्र मिळालं. रुखमाबाई पाकीट हातात घेऊन आली अन् म्हणाली, "कोन मेलं वं?" आता आमच्याकडे हाताने लिहिलेलं पाकीट फक्त तेराव्याचंच येतं. तिला वाचून दाखवलं. मक्याच्या दाण्यांचं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे तू लहानपनापासूनच मका चोरते." तीस वर्षं माझ्याकडे मका निवडते आहे, तिला बोलायचा हक्क आहे.

झरोक्याचं रोहितला सांगितलं. त्याने लगेच लिहून घेतलं. तुझा शब्द तो खाली पडू देत नाही. माझा पडला तर उचलतही नाही.

माझ्या जागेचं म्हणशील तर मला कशाला जागा हवी? मी काही कंपनीत बसणारी बाई नाही. गावातल्या चक्कीत माझी जागा म्हणजे एक पोतं, त्यावर मी. गिऱ्हाईक आलं की उठायचं, मका मुठीत घ्यायचा, एक दाणा दाताखाली धरायचा. कट्ट म्हणून फुटला तर दळायचा. दबला तर म्हणायचं, भाऊ, दोन दिवस उन्हात टाक अन् मग आण. तिकडे हिंगण्याला ओलावा मोजायचं यंत्र येणार आहे. दाताचं काम संपलं. तसेही चारच दात भरवशाचे उरलेत.

गावातली चक्की दसऱ्यानंतर बंद करणार. सहाही बायकांना रोहित हिंगण्याला घेतो आहे, रोज गाडीने नेणार-आणणार. ते मी त्याच्याकडून आधी कबूल करून घेतलं. माझं काम झालं. तू यंत्रांचं बघ, माझ्या मागे लागू नको.

पाऊस बरा आहे. मका कमरेएवढा झाला.

तुझी,
वंदना

* * *

नंदनवन, नागपूर
९ ऑगस्ट २०२५

प्रिय वंदना,

तुझ्या पत्रात सगळं आहे, फक्त उत्तर नाही. म्हणून मी स्वतःच हिंगण्याला जाऊन आले. लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो. शिफ्ट सुटायची वेळ होती. रस्ताभर मोटरसायकली, डब्याच्या पिशव्या, कंपनीच्या बसगाड्या. माझ्या जुन्या कारखान्याच्या गेटवरून गेले तेव्हा हात आपोआप पर्समधल्या ओळखपत्राकडे गेला. ते पाच वर्षांपूर्वीच परत केलं आहे.

तुमची शेड छान आहे. उंच, कोरडी, जमीन एकसारखी. मी आणि तुमचे मारोतराव मिस्तरी, दोघांनी टेपने पुन्हा सगळं मोजलं. मिस्तरींना वाटलं, या बाईला काय कळतं. मग मी त्यांना सांगितलं की यंत्राचं माप म्हणजे यंत्राची जागा नव्हे. यंत्रापाशी माणूस वाकतो, पोतं फिरवतो, झाकण उघडतो, कुणीतरी झाडू घेऊन मागे शिरतं. ती सगळी जागा यंत्राचीच धरायची. तेव्हापासून ते मला मॅडम म्हणू लागले.

त्यानंतर मी रोहितला विचारलं, "आई कुठे बसणार?"

तो टेप गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मावशी, आईले आतमंदी नाही बसवायचं."

"काहून?" मी विचारलं. नागपूरकरीण आहे, रागात हाच शब्द येतो.

"ते ठरलं हाय. तिलेच विचारा."

"ती काही सांगत नाही."

"मंग मी कसा सांगू?" म्हणाला, आणि मोटरसायकल काढून मला मेट्रोपर्यंत सोडायला आला. वाटेत एक शब्द नाही. उतरताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला, पण मनापासून दिला असं म्हणवत नाही. वंदना, हा मुलगा वाईट नाही, पण चुकतो आहे. आईला बाहेर ठेवायचं आणि ते ठरलं आहे म्हणायचं.

म्हणून मी नवीन नकाशा काढला आहे. सोबत पाठवते. यंत्रांची रांग तीच आहे. चाळणीच्या डाव्या अंगाला बारा फूट बाय दहा फुटांची एक खोली काढली आहे. खिडकी पूर्वेला, टेबल, दोन खुर्च्या, भिंतीत काच, म्हणजे चक्कीपासून पॅकिंगपर्यंत सगळं तुला बसल्या जागी दिसेल. दारावर लिहिलं आहे, 'तपासणी, श्रीमती वंदनाताई'. रोहितला एक प्रत वेगळी पाठवली आहे. काम सुरू होण्याआधी ही खोली झालीच पाहिजे, असं त्यावर लिहिलं आहे. तू नाही म्हणू नकोस.

तुझी,
यशो

* * *

मु. सालई
३ सप्टेंबर २०२५

प्रिय यशो,

पोळा झाला, गणपती बसले, अन् मी तुला आज लिहिते आहे. पहिली दोन आठवडे रागात गेली. कोणावर राग ते शेवटी सांगते.

तुझा नकाशा रोहितने वाचला. काही न बोलता मारोतरावांना म्हणाला, "खोली धरून आखा." मिस्तरी म्हणाले, असं करू, खऱ्या मापात जमिनीवर चुन्याने काढू, अन् सगळ्यांना त्यातून चालून बघू देऊ. परवा आम्ही सगळ्या गेलो. सहाही बायका, मी, रोहित. शेडभर पांढऱ्या रेघा. यंत्रं अजून यायची आहेत, म्हणून साल काढायच्या यंत्राच्या जागी ड्रम ठेवले, चक्कीच्या जागी दोन पोती, अन् चाळणीच्या जागी गावाहून नेलेली बाज. तुझ्या खोलीत मला खुर्ची टाकून बसवलं. बायका म्हणाल्या, साहेबीण बसली.

सगळ्या आपापलं काम केल्यासारखं करत होत्या. टोपल्या घेऊन चालल्या, वाकल्या, वळल्या. कोणाचा कोणाला धक्का लागला नाही. मारोतराव खूश. मग रुखमाबाई चाळणीपाशी आली. चाळणीच्या जाळ्या रोज काढून झाडाव्या लागतात, त्या मोठ्या चौकटीत असतात अन् बाजूने ओढायच्या असतात. चौकट म्हणून आम्ही एक जुनी खिडकीची झडप बाजेखाली सरकवून ठेवली होती. रुखमाबाईने ती ओढली. एक पाऊल मागे आली, अन् थेट तुझ्या चुन्याच्या रेघेवर. झडप अर्धीही बाहेर निघाली नव्हती.

ती तिथेच उभी राहिली. म्हणाली, "काय करू वं वंदनाबाई? भिंतीतून जाऊ का तुह्या मांडीवर बसू?"

सगळ्या हसल्या. रोहितने कंपनीचा कागद काढला. त्यात लिहिलं आहे, जाळ्या काढायला डाव्या बाजूला चार फूट मोकळे ठेवा. तुझ्या नकाशात एक फूट आहे. तीन फूट माझ्या खोलीत गेले.

यशो, मला खोली नको होती, पण तुझी चूक निघावी असं तर मुळीच वाटलं नव्हतं. मी म्हटलं, तिचा डोळ्याचा ऑपरेशन झालेला आहे, आकडा दिसला नसेल. रोहित काही बोलला नाही. खोलीच्या रेघेवर उभा राहून म्हणाला, "आई, आता तरी मावशीले सांग."

म्हणून सांगते. मे महिन्यात मी नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे आले होते. तुझ्या घरी आले नाही, त्याचा राग आधी काढून घे. उजवा कान गेला. डावा अर्धा उरला आहे. बावीस वर्षं चक्कीच्या पट्ट्याजवळ बसल्याचं फळ. डॉक्टर म्हणाले, यापुढे यंत्राच्या आवाजात बसाल तर हाही जाईल. रोहितने तिथेच ठरवलं, आई आत बसणार नाही. त्याने तुला सांगितलं नाही, कारण मी त्याला शपथ घातली होती. आमच्या गावात टॉवर चांगला आहे. फोनवर तुझा आवाज येत नाही तो माझ्यामुळे. तू शाळेतल्या गोष्टी सांगायचीस अन् मी अंदाजाने हसायचे. ते मला सहन होईना, म्हणून टॉवरवर ढकललं. पत्रात तू पूर्ण ऐकू येतेस.

राग माझ्यावरच होता. तू माझ्या मुलाला वाईट समजलीस, ते मी होऊ दिलं.

तुझी,
वंदना

* * *

नंदनवन, नागपूर
१० सप्टेंबर २०२५

प्रिय वंदना,

तुझं पत्र वाचून दार लावून बसले. प्रीतीचा फोन आला, तिला म्हटलं, कपडे वाळत घालते आहे. आपल्या मुलांशी आपण किती सहज खोटं बोलतो.

तुझ्या कानांबद्दल आधी. मला सांगितलं असतंस तर मी रडले असते, तुला उगीच गप्पा मारल्या असत्या आणि तू पुन्हा अंदाजाने हसली असतीस. म्हणून रागावत नाही. पण यापुढे नागपूरला आलीस आणि घरी आली नाहीस तर मात्र बोलणार नाही. पत्रसुद्धा नाही.

आता माझं. माझ्या डोळ्यांना दोष देऊ नकोस. ऑपरेशननंतर मला सुईत दोरा ओवता येतो. कंपनीचा कागद माझ्यासमोर होता. चार फूट हा आकडा मी वाचला होता. खोली दहा फुटांची हवी होती आणि भिंतीपर्यंत जागा सातच फूट उरत होती. मी पेन्सिल घेऊन खूप वेळ बसले. शेवटी मनात म्हटलं, कंपन्या नेहमी जास्तच लिहितात, एका फुटात बायका भागवून घेतील. वंदना, एकतीस वर्षांत मी असं कधी केलं नाही. मिस्तरींना मी जे शिकवून आले, तेच मी मोडलं. आणि ते भागवून कुणी घ्यायचं? तर रुखमाबाईने, रोज, वाकून.

का केलं ते तुलाच सांगू शकते. मॅट्रिकची परीक्षा झाल्यावर तू मला चार दिवस गावी नेलं होतंस. तुमच्या काकूंनी मला बाहेर ओट्यावरच चहा दिला. कप कोनाड्यातला, वेगळा. आत ये असं कुणी म्हटलं नाही. आमचे बाबा छप्पनच्या दीक्षेला उभे राहिलेले. त्यांनी मला शिकवलं होतं की कुठेही ताठ बसायचं. मी ताठ बसले. त्या गोष्टीबद्दल आपण आजवर बोललो नाही. पण रोहित म्हणाला, आईला आत बसवायचं नाही, आणि मला तो ओटा दिसला. वाटलं, निदान हिला तरी कुणी बाहेर ठेवू नये. मग मी मोजणं सोडून दिलं.

रोहितला वेगळं पत्र लिहिलं आहे. माफी मागितली आहे. मोठ्यांनी लहानांची माफी मागितली की त्यांना अवघडतं, पण चालेल.

खोली नकाशातून काढली. तीन फूट चाळणीला परत दिले. तुझी जागा मात्र मी आता माझ्या मनाने आखणार नाही. तू सांग. कुठेच नको असेल तर तसं लिही, मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
यशो

* * *

मु. सालई
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय यशो,

ओट्याचं तुला लक्षात असेल असं मला नेहमी वाटायचं. कधी विचारायची हिंमत झाली नाही. काकूला मी तेव्हा काही बोलू शकले नाही. सतरा वर्षांची होते, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते पुरेसं नाही.

पण तुझ्या आठवणीतलं एक सुटलं. मी माझा कप घेऊन बाहेर आले होते. काकू आतून हाका मारत होती, मी गेले नाही. चारही दिवस आपण तिथेच जेवलो. तू एकदाच म्हणालीस, "इथे वारा चांगला येतो." तेवढ्यावर मी चार दिवस काढले.

माझी जागा सांगते. हिंगण्याच्या शेडचा पहिला ओटा, जिथे पोती उतरतात. यंत्रं तिथून लांब आहेत, मधे गोदामाची भिंत आहे. डॉक्टरांना विचारून आले, तिथे बसायला हरकत नाही म्हणाले. आलेलं प्रत्येक पोतं तिथून जाणार. शेतकरी येतील, बसतील, बोलतील; त्यांचं तोंड बघून मला अर्धं समजतं. ओलावा मोजायचं यंत्र तिथेच टेबलावर ठेवायचं. आधी मी दाणा चावणार, मग यंत्र बोलणार. रोहित म्हणतो, बघू कोण जिंकते.

केबिन नको, काच नको. फक्त बाकडं दोघींना पुरेल एवढं लांब कर. कोणालाही वेगळा कप ठेवायचा नाही, हे मी रोहितला सांगून ठेवलं आहे. त्याला कळेना, मी हे काहून सांगते. बरं वाटलं.

तुझी,
वंदना

* * *

नंदनवन, नागपूर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय वंदना,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू बाहेर आली होतीस, हे मी विसरले नव्हते. फक्त आठवताना मी नेहमी आधीच थांबायचे, काकू कप ठेवून आत गेल्या तिथेच. त्यापुढचं आता नीट दिसतं. वारा खरंच चांगला यायचा.

नकाशा पूर्ण झाला. पार्सल रोहितच्या हाती पाठवते आहे. त्यात काय आहे आणि कुणाला काय द्यायचं ते लिहिते. तसंच कर, आपल्या मनाने वाटून टाकू नकोस.

मोठा नकाशा, शाईतला, रोहितला. त्यावर सही केली आहे. बऱ्याच वर्षांनी सही करताना हात थरथरला, तेवढं त्याने समजून घ्यावं. दुसरी प्रत मारोतरावांना. चाळणीची बाजू मी लाल पेन्सिलीने घेरली आहे. ते चार फूट कुणी मागितले, अगदी मी मागितले, तरी द्यायचे नाहीत, असं त्यांना सांग.

माझा पंधरा मीटरचा टेप रुखमाबाईला. एकतीस वर्षांचा आहे, कडेचे आकडे जरा पुसट झालेत, पण खोटं बोलत नाही. चूक तिने पकडली, तेव्हा तो तिचाच. तिला म्हणावं, पुढच्या वेळी माझ्या मांडीवर येऊन बस.

लाकडी पेटीतले स्केल आणि कंपास रोहितला दे, मात्र शेड चालू झाल्यावर. आधी दिलेस तर तो सगळं पुन्हा मोजत बसेल.

पहिल्या दिवशीच्या रव्यातला एक किलो कानाच्या डॉक्टरांना. एक किलो मला, पोस्टाने नाही, तू स्वतः घेऊन ये. गोड सांजा करून आपण दोघी खाऊ.

पार्सलच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून पांढरा फ्रॉक आहे. तो तुला. निळ्या पट्ट्या उसवून घे. सहा बोटं कापडाचे खिसे होणार नाहीत, माहीत आहे, पण ते तुझं होतं.

ओट्यावरचं बाकडं मी नकाशात निळ्या पेन्सिलीने काढलं आहे. पाच फूट. त्याचा अर्धा भाग तुझा. उरलेला अर्धा मी येईपर्यंत ज्याचं पोतं उतरत असेल त्याला बसायला दे.

तुझी,
यशो